वली असावा, मालक नसावा

चंद्रपूर जिल्ह्यात, भद्रावती तालुक्यात, इरई धरणाच्या पाण्याशेजारी मोहर्ली हे गाव आहे. बाहेरगावच्या लोकांना ते ताडोबाचे प्रवेशद्वार म्हणून ठाऊक आहे. पहाटे जिप्सींची रांग लागते, गाइड मंडळी कागदपत्रे तपासून घेतात, पर्यटक गळ्यात कॅमेरे अडकवून वाघ पाहायला आत जातात. आमच्यासारख्या या भागातल्या लोकांना मात्र मोहर्ली आणि तिच्या आसपासची गावे वेगळी दिसतात. ही बफर क्षेत्रातली गावे, म्हणजे वाघाच्या ओसरीवर वसलेली गावे. उन्हाळ्यात मोहफुले आणि तेंदूपाने, पावसाळ्यात धान, बाराही महिने सरपण आणि गुरे. जंगलात गेल्याशिवाय चूल पेटत नाही. कधी कधी गेलेला माणूस परत येत नाही.

वाघाने माणूस मारला तर त्याच्या घरच्यांना महाराष्ट्र शासन अर्थसाहाय्य देते. ही रक्कम टप्प्याटप्प्याने वाढत आता २५ लाख रुपयांवर पोचली आहे. माणसाची किंमत पैशांत होत नाही, तरी रक्कम लहान नाही. पण ती कशी मिळते ते नीट पाहावे. १० लाख रुपये लगेच धनादेशाने मिळतात. १० लाख रुपये पाच वर्षांच्या मुदत ठेवीत जातात आणि ५ लाख रुपये दहा वर्षांच्या मुदत ठेवीत. म्हणजे पंधरा लाखांना कुलूप. पैसा तुमचा, पण किल्ली तुमच्या हाती नाही.

या महिन्यात आम्हाला या कुलुपाबद्दल बोलायचे आहे. "तुमच्या भल्यासाठी तुमच्या वतीने आम्ही ठरवतो" असे सरकार म्हणते, तेव्हा ते कधी योग्य असते आणि कधी नसते? इंग्रजीत याला पॅटर्नलिझम म्हणतात. आपण साध्या मराठीत पालकगिरी म्हणू. हा प्रश्न फक्त मंत्रालयाचा नाही. आपल्या घरात, मोहल्ल्यात, जमातीतही तो रोज उभा राहतो.

आधी कुलूप लावणाऱ्यांची बाजू प्रामाणिकपणे ऐकू. घरातला कर्ता गेला आहे. बायको दुःखात आहे, तिने आयुष्यात दहा हजारांची नोट एकत्र मोजलेली नाही. तिच्या हाती एकदम पंचवीस लाख आले तर काय होईल? दीर म्हणेल, माझ्या नावावर ठेव. दूरचा मामा म्हणेल, धंद्यात लावू. गाडीचा विक्रेता दारात येईल, दामदुपटीची योजना घेऊन कुणी गोड बोलणारा येईल. या जिल्ह्यात कोळसा खाणींसाठी जमिनी गेल्या, तेव्हा मोबदल्याचा पैसा किती घरांत टिकला आणि किती घरांतून वाहून गेला याच्या गोष्टी गावोगाव ऐकायला मिळतात. पैसा बँकेत बांधलेला असला की बाई कुणालाही सांगू शकते, "माझ्या हातात नाही हो, सरकारने अडकवलाय." हे कुलूप तिला नातेवाइकांपासून वाचवते. मुले लहान असतील तर दहा वर्षांनी त्यांच्या शिक्षणाला, लग्नाला काही उरते.

अर्थशास्त्रज्ञही या बाजूने बोलतात. माणसाला आज हातात असलेला रुपया उद्याच्या दोन रुपयांपेक्षा मोठा वाटतो, हा स्वभावदोष श्रीमंत-गरीब सर्वांत आहे. रिचर्ड थेलर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाला माणसाच्या अशाच सवयींच्या अभ्यासासाठी २०१७ साली नोबेल मिळाले. दुसरे कारण माहितीचे. कोणती योजना खरी, कोणती फसवी, हे प्रत्येकाला कळतेच असे नाही. म्हणून कुलुपाची कल्पना मूर्खपणाची आहे असे कुणी म्हणू नये.

आता दुसरी बाजू. समजा, अशी दोन घरे आहेत. पहिल्या घरातली बाई भोळी आहे, तिचा दीर लबाड आहे. तिला कुलुपाने वाचवले. दुसऱ्या घरातली बाई हिशेबी आहे. नवऱ्याच्या मागेही शेती तीच पाहत होती. शेजारची तीन एकर जमीन आज विकायला निघाली आहे. ती घेतली तर तिला सरपणासाठी, मोहफुलांसाठी पुन्हा त्या जंगलात जावे लागणार नाही. पण तिचे पैसे पाच वर्षांनी सुटतील. तोवर जमीन दुसऱ्याची झाली असेल. पहिल्या घराला वाचवण्याची किंमत दुसऱ्या घराने भरली. पालकगिरीचे अर्थकारण इथेच आहे. नियम सर्वांत दुबळ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून केला जातो आणि त्याची वसुली सर्वांकडून होते.

आणखी एक हिशेब करू. समजा महागाई दरवर्षी सहा टक्क्यांनी वाढते आणि ठेवीचे व्याज दर महिन्याला घरखर्चात जाते. पाच वर्षांनी मिळणाऱ्या १० लाखांत आजच्या सुमारे साडेसात लाखांएवढाच माल येईल. दहा वर्षांनी मिळणाऱ्या ५ लाखांत आजच्या पावणेतीन लाखांच्या आसपास. रक्कम सुरक्षित राहिली, तिची ताकद झिजली. शिवाय ज्या घराचा व्याजाला श्रद्धेने विरोध आहे, त्या घराने काय करावे? "दर महिन्याला व्याज मिळेल, त्यावर घर चालवा" असे सांगताना त्या घराला कुणी विचारले का? हा प्रश्न आपल्या वाचकांना चटकन कळेल, कारण तो आपल्या घरातला आहे. दुसऱ्याचे भले ठरवणारा माणूस बहुधा स्वतःच्या गरजांच्या मापाने दुसऱ्याचे भले मोजतो.

आणि थेलर यांनी दाखवलेला स्वभावदोष फक्त खेड्यातल्या विधवेत असतो काय? नियम करणाऱ्या साहेबांतही तो असतोच. त्यांनाही आजची फाइल उद्यापेक्षा मोठी वाटते. फरक एवढाच की बाईचा निर्णय चुकला तर नुकसान तिचे, साहेबांचा निर्णय चुकला तरी नुकसान तिचेच.

मग करायचे काय? कुलूप काढून फेकायचे की तसेच ठेवायचे? या प्रश्नावर आपल्याकडे फार जुना आणि फार बारकाईचा विचार झालेला आहे. खेदाची गोष्ट ही की आपण तो फक्त वारसाच्या वाटणीपुरता आठवतो.

कुरआन शरीफमधील सूरह निसाच्या पाचव्या आणि सहाव्या आयतीत अजाण माणसांच्या आणि यतीमांच्या मालाबद्दल आदेश आहेत. आम्ही त्यांचा आशय आमच्या शब्दांत मांडतो. ज्यांना अजून समज आलेली नाही त्यांच्या हाती माल सोपवू नये. म्हणजे पालकत्वाला मान्यता आहे. पण लगेच अटी सुरू होतात. त्यांना त्या मालातून खाऊपिऊ घालावे, कपडालत्ता द्यावा आणि त्यांच्याशी चांगल्या शब्दांत बोलावे. यतीमांची समज पारखत राहावे. ते वयात आले आणि त्यांच्यात समज दिसली की त्यांचा माल त्यांच्या हवाली करावा. ते मोठे होतील या भीतीने घाईघाईने माल खाऊन टाकू नये. पालक सधन असेल तर त्याने त्या मालापासून दूर राहावे, गरीब असेल तर रीतीप्रमाणेच घ्यावे. आणि परत देताना साक्षीदार ठेवावेत.

वाचक बंधू-भगिनींनो, यातून चार कसोट्या निघतात. एक, ज्याचे पालकत्व घेतले त्याच्याशी सन्मानाने बोलणे. दोन, त्याची समज पारखणे, न पारखता त्याला कायमचा अजाण न ठरवणे. तीन, पालकाने त्या पालकत्वातून स्वतःचा फायदा न करणे. चार, वेळ आली की साक्षीने परत देणे. जो वली या चारही कसोट्या पाळतो तो वली. जो पाळत नाही तो मालक होऊन बसला आहे, मग तो काका असो की कलेक्टर.

इमाम मालिक (रह.) यांच्या मुवत्तामध्ये हजरत उमर (रजि.) यांची एक ताकीद नोंदलेली आहे. तिचा आशय असा की यतीमांचा माल व्यापारात लावा, नाहीतर जकात तो खाऊन टाकील. पडून राहिलेला पैसा झिजतो, हे त्यांनी चौदा शतकांपूर्वी ओळखले होते. नुसते कुलूप लावणे म्हणजे सांभाळणे नव्हे.

आता सज्ञान माणसाचे काय? वयात आलेला, शुद्धीवर असलेला माणूस पैसा उधळतो. काजीने त्याच्या व्यवहारांवर बंदी घालावी काय? फिक्हमध्ये या बंदीला हज्र म्हणतात. बहुतेक इमामांचे मत होते की घालावी. इमाम अबू हनीफा (रह.) यांचे दोन थोर शिष्य, इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद (रह.), यांचेही मत तेच. पण खुद्द इमाम अबू हनीफा (रह.) यांनी नाही म्हटले. समज कमी दिसली तर पंचवीस वर्षांच्या वयापर्यंत माल रोखून ठेवावा, त्यानंतर त्याचा त्याला द्यावा, हे त्यांचे मत. त्यामागचा विचार हनफी ग्रंथांत दिला आहे. सज्ञान माणसाचा निर्णयाचा हक्क काढून घेणे म्हणजे त्याचे माणूसपण काढून घेऊन त्याला जनावरांच्या रांगेत बसवणे, आणि हे नुकसान पैसा उधळला जाण्याच्या नुकसानीपेक्षा मोठे आहे.

पण याच इमाम साहेबांनी तीन प्रकारच्या लोकांना रोखायला परवानगी दिली. लोकांना पळवाटा शिकवणारा बेपर्वा मुफ्ती, अडाणी वैद्य, आणि जनावरे नसतानाही भाडे घेणारा दिवाळखोर भाडेवाला. हे तिघे का? कारण त्यांच्यामुळे नुकसान दुसऱ्यांचे होते. एक दीन बिघडवतो, दुसरा जीव घेतो, तिसरा पैसे बुडवतो. स्वतःचे नुकसान करणाऱ्याला समजावावे, दुसऱ्याचे नुकसान करणाऱ्याला रोखावे. इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ साली स्वातंत्र्यावरच्या आपल्या पुस्तकात अशीच रेघ ओढली आणि जगभर तिची चर्चा होते. इमाम अबू हनीफा (रह.) यांचे निधन इसवी सन ७६७ मधले. पुढे अनेक हनफी विद्वानांनी फतवा देताना शिष्यांचे मत स्वीकारले हेही इथे सांगितले पाहिजे. म्हणजे प्रश्न सोपा नव्हता. मोठ्या लोकांनीही तो दोन्ही बाजूंनी पाहिला.

ही फूटपट्टी घेऊन आपल्याच जंगलात फिरू.

पहिले उदाहरण मोहफुलांचे. मार्च-एप्रिलमध्ये फुले पहाटे गळतात. बायका टोपल्या घेऊन ती वेचतात, वाळवतात. त्यांचे खाण्याचे पदार्थ होतात, औषध होते, गुरांना घालतात, आणि दारूही होते. या शेवटच्या कारणाने १९४९ च्या, पुढे विदर्भातही लागू झालेल्या, दारूबंदी कायद्याखाली मोहफुले साठवण्यावर आणि नेण्यावर निर्बंध राहिले. सांगायचे कारण लोकांचे भले. घडले काय? ज्या घराला माल साठवता येत नाही, त्याला तो हंगामातच, मिळेल त्या भावाने विकावा लागतो. ज्याच्याकडे परवाना आणि गोदाम आहे तो व्यापारी भाव चढेपर्यंत थांबतो. बाईने पदरात वेचलेले फूल, फायदा दुसऱ्याचा. अखेर २०२१ मध्ये राज्य सरकारने हे निर्बंध उठवले. आपल्या चार कसोट्यांपैकी दुसरी इथे पाळली गेली नव्हती. सत्तर वर्षांत कुणी समज पारखली नाही. फूल हाती असलेली प्रत्येक बाई दारू गाळणारी, असे धरून चालले.

दुसरे उदाहरण बांबूचे. जंगल लोकांच्या हाती दिले तर ते तोडून खातील, म्हणून ते खात्याच्या ताब्यात बरे, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. बांबू मात्र कागद कारखान्यांना जात राहिला. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकालाही पटले नाही तर पुन्हा बसतात. आपल्याकडे याला शूरा म्हणतात. तिसरी कसोटी इथे आठवावी. जो पालक पालकत्वाच्या मालातून स्वतःचे घर चालवतो, त्याला तो माल परत द्यायला नेहमीच "अजून वेळ आली नाही" असे वाटते.

तिसरे उदाहरण अवघड आहे, दारूबंदीचे. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ रोजी ती लागू झाली. त्याआधी २०१० मध्ये या जिल्ह्यातल्या बायका चिमूरहून नागपूरच्या विधानभवनाकडे पायी चालत गेल्या होत्या. २०२१ च्या मे महिन्यात मंत्रिमंडळाने ही बंदी उठवली. निवृत्त अधिकारी रमानाथ झा यांच्या समितीच्या अहवालाचा आधार दिला गेला. अवैध दारू वाढली, बायका-मुलेही त्या धंद्यात ओढली गेली, अशी कारणे पुढे आली.

दारू हराम आहे हे आपल्या वाचकांना सांगायला नको. पण आपल्या श्रद्धेची गोष्ट म्हणून ती सर्वांवर कायद्याने लादावी, हा आमचा मुद्दा नाही. आमचा मुद्दा असा की ही बंदी पालकगिरी होती की नव्हती? पिणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर होती. सरकार त्याला म्हणत होते, तुझे भले आम्हाला कळते. पण चिमूरहून चालत निघालेल्या बाईच्या बाजूने पाहा. ती कुणाचे पालकत्व मागत नव्हती. तिची मजुरी हिसकावली जात होती, तिला मारहाण होत होती, मुलांच्या ताटातले जात होते. ती स्वतःचे संरक्षण मागत होती. इमाम साहेबांच्या रेघेने पाहिले तर दारुडा नवरा हा उधळ्या माणसात बसत नाही, तो दिवाळखोर भाडेवाल्याच्या शेजारी बसतो. कार्यालयातून जी पालकगिरी दिसते, ती स्वयंपाकघरातून न्याय दिसते. म्हणून नियम कसा आहे हे विचारण्याआधी तो कुणी मागितला हे विचारावे.

मग बंदी चालली का नाही? एक कारण असे की कायदा वरून आला आणि अंमलबजावणीही वरच्यांवर सोडली गेली. पैसेवाला गाडी काढून शेजारच्या जिल्ह्यात जाऊ शकतो, गरिबाच्या वाट्याला विषारी माल येतो. दुसरे कारण कसोटी क्रमांक तीन. दारूच्या करातून सरकारची तिजोरी भरते. बंदीने ज्याचे उत्पन्न बुडते त्याच्याकडेच बंदी टिकवण्याचे काम दिले, तर त्याचे मन त्यात किती राहील?

कुरआनने दारू एका दिवसात बंद केली नाही हे आपण जाणतो. आधी सांगितले की तिच्यात फायद्याहून तोटा मोठा आहे. मग सांगितले की नशेत नमाजच्या जवळ जाऊ नये. शेवटी मनाई आली, आणि मदीनेच्या गल्ल्यांतून लोकांनी आपल्या हाताने दारू ओतून दिली. हजरत आयेशा (रजि.) यांनी याचे मर्म सांगितले आहे. पहिलाच आदेश दारू सोडण्याचा आला असता तर लोकांनी साफ नकार दिला असता. मने आधी तयार झाली. गडचिरोलीत २०१६ पासून मुक्तिपथ नावाने जे काम चालले आहे, ते गावोगाव जाऊन, गावाच्या समित्या करून चालते. कायद्याच्या जोडीला असे काम लागतेच. महाराष्ट्रात गावातले किंवा वॉर्डातले दारू दुकान बंद करण्यासाठी मतदानाचीही सोय आहे. उभी बाटली की आडवी बाटली, हे बायका स्वतः ठरवतात. तिथे निर्णयाची किल्ली ज्यांना त्रास होतो त्यांच्या हाती आहे. आम्हाला ही वाट जास्त टिकाऊ वाटते.

आता मोहर्लीच्या कुलुपाकडे परत येऊ. आमचे म्हणणे असे. कुलूप असू द्यावे, पण किल्ली घराच्या हाती असावी. पंधरा लाख आपोआप ठेवीत जावेत, कारण दुःखाच्या पहिल्या महिन्यांत कुणालाच नीट विचार करता येत नाही. पण त्यानंतर बाईला जमीन घ्यायची असेल, घर बांधायचे असेल, कर्ज फेडायचे असेल, तर तिने अर्ज करावा, एक-दोन महिने थांबावे, बँकेत स्वतः येऊन सांगावे आणि पैसे मिळावेत. जमीन किंवा घर तिच्या नावावर होत असेल तर अडवायचे कारणच नाही. पैसे कुठे ठेवायचे याचे दोन-तीन पर्याय तिला द्यावेत. ज्यांना व्याज नको त्यांना दुसरी वाट असावी. आणि हे सर्व तिच्या भाषेत, तिच्या घरी बसून, कुणीतरी समजावून सांगावे. थेलर यांचा सल्लाही साधारण असाच आहे. चांगली वाट समोर मांडून ठेवा, पण दुसरी वाट बंद करू नका.

हीच गोष्ट जंगलातून बाहेर काढलेल्या गावांची. ताडोबाच्या गाभा क्षेत्रातून बोटेझरी, नवेगाव, जामनी ही गावे उठून बाहेर वसली. २००८ च्या केंद्रीय योजनेत प्रत्येक कुटुंबाला १० लाख रुपये ठरले, पुढे ते १५ लाख झाले. या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतही रकमेचा बराच भाग बँकेत ठेवून व्याजावर उत्पन्न मिळवून द्यावे असे म्हटले आहे. हेतू चांगला. पण कायदा असेही सांगतो की स्थलांतर ग्रामसभेच्या आणि त्या कुटुंबांच्या माहितीपूर्ण संमतीने व्हावे. ज्या माणसाची संमती पिढ्यान् पिढ्यांचे घर सोडण्यासाठी पुरेशी समजदार मानली जाते, तोच माणूस स्वतःच्या पैशांच्या बाबतीत एकदम अजाण कसा होतो?

आणि ज्या पहाटे मोहर्लीच्या दारातून पर्यटकांची जिप्सी आत जाते, त्याच पहाटे मोहफुले वेचणाऱ्या बाईला सांगितले जाते की जीव प्यारा असेल तर जाऊ नकोस. सल्ला खराच आहे. पण पर्यटकाच्या धोक्यासाठी वाहन आहे, गाइड आहे, वेळापत्रक आहे. वेचणाऱ्या बाईच्या धोक्यासाठी बहुतेक वेळा फक्त 'नको' आहे. तिला विचारले तर ती सांगेल: चारचौघींना एकत्र जाऊ द्या, उजाडल्यावर जाऊ द्या, गावातल्या पोरांचे जे बचाव पथक तुम्ही तयार केले आहे त्यातले दोघे सोबत द्या, झाडाखाली बांधायला जाळ्या द्या. नुसत्या मनाईला खर्च लागत नाही, सोबतीला लागतो. म्हणून मनाई स्वस्त वाटते. पण तिची किंमत त्या बाईच्या चुलीतून वसूल होते.

सरकारला उपदेश करणे सोपे आहे. आता आपल्या घरात पाहू. ईदला मुलांना ईदी मिळते. संध्याकाळी अम्मी म्हणते, "दे इकडे, तू हरवशील, मी ठेवते." त्या ईदीचे पुढे काय होते, हे प्रत्येक मूल जाणते! थट्टा बाजूला ठेवली तरी चारही कसोट्या इथे लागतात. तिला एक छोटी वही करून द्या. किती आली, किती ठेवली, किती खर्चली, ते तिच्याच हाताने लिहून घ्या. दहा रुपये तिला उडवू द्या. दहा रुपये उडवून जे शिकता येते ते दहा व्याख्यानांनी येत नाही. आम्ही वर्गात पाहतो, ज्या मुलांना घरी छोटे निर्णय घ्यायला मिळतात ती मोठे निर्णय घेताना घाबरत नाहीत.

मुलगी वीस वर्षांची झाली, कमावते आहे, आणि तिच्या पगाराचे खाते अजून भाऊ चालवतो. महेर तिचा हक्क, पण तो कुठे ठेवायचा हे सासरे ठरवतात. वारसाचा हिस्सा "तुला काय कळते व्यवहारातले" म्हणून भावांकडेच राहतो. म्हातारे वडील शुद्धीत आहेत, पण पेन्शनचे एटीएम कार्ड मुलाच्या खिशात. प्रत्येक ठिकाणी कारण तेच सांगितले जाते, तुमच्या भल्यासाठी. कधी ते खरेही असते. पण तिच्याशी चांगल्या शब्दांत बोललो का? तिची समज पारखली का? आपल्याला त्यातून काही फायदा होतो आहे का? परत कधी देणार, आणि कुणाच्या साक्षीने? या चार प्रश्नांची उत्तरे ज्याला लाजेशिवाय देता येतात त्याने खुशाल वली व्हावे.

आम्ही शिक्षक आहोत. आमचा धंदाच पालकगिरीचा. सहा वर्षांच्या मुलाला "शाळेत यायचे की नाही ते तू ठरव" असे आम्ही म्हणत नाही. शाळेतले पोषण आहाराचे जेवणही त्याला न विचारता ठरते, आणि ते बरेच आहे. पण मूल एकेक इयत्ता वर जाते तसा आमचा हात त्याच्या हातावरून हळूहळू उचलायचा असतो. दहावीच्या वर्गातही जो शिक्षक बोट धरूनच लिहायला लावतो, त्याला कुणी प्रेमळ म्हणत नाही. सरकारही जनतेला पहिलीच्या वर्गात कायमचे बसवू शकत नाही.

या महिन्यात एक काम करू या. आपल्या घरात कुणाचा पैसा, कुणाचा कागद, कुणाचा निर्णय आपण "सांभाळून" ठेवला आहे, याची एक यादी करावी. प्रत्येक नावापुढे परत देण्याची तारीख लिहावी. जे आजच देता येईल ते दोन साक्षीदार बसवून आजच द्यावे. आणि ग्रामसभेत किंवा वॉर्डसभेत लोकांच्या भल्याचा एखादा ठराव येईल, तेव्हा उभे राहून एवढेच विचारावे, "ज्यांचे भले करायचे आहे, ते आज इथे बसले आहेत का?" अल्लाह आपल्याला अमानत सांभाळण्याची, आणि ती वेळेवर परत करण्याची, तौफीक देवो. आमीन.